पहिला अल्बम आणि जुन्या सिंथेसायझरांचा नाद : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

मागील अंकात विजेवर चालणाऱ्या वाद्यांविषयी एका वाचकाला थोडक्यात उत्तर दिले होते. त्यानंतर आलेली पत्रे वयाने आणि स्वभावाने अगदी निरनिराळ्या माणसांची असली, तरी त्यांतली बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतात : पुण्यातली तरुण मुले घरातल्या एका खोलीत बसून १९८० च्या सुमाराच्या सिंथेसायझरांच्या नादात नृत्यसंगीत रचत आहेत आणि त्यांपैकी काहींचा पहिला अल्बम पूर्ण होत आला आहे. म्हणून या वेळी सारी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : नोकरी सांभाळून दीड वर्षात मी नऊ ट्रॅक पूर्ण केले. सगळे काम लॅपटॉपवर, सॉफ्टवेअर सिंथेसायझर वापरून केले आहे. मित्र म्हणतात, नाद जुना वाटतो खरा, पण तो तुझा वाटत नाही, कोणाचाही असू शकतो. साठवलेल्या पैशांतून एखादा खरा जुना सिंथेसायझर घेतला तर फरक पडेल का? सोबत तीन ट्रॅक आणि मुखपृष्ठाचे चित्र पाठवत आहे.
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : तुमचे तीनही ट्रॅक मी आधी हेडफोनवर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीकरवर ऐकले. वाद्य विकत घेण्याची घाई करू नका, कारण तुमची अडचण वाद्याची नाही. दुसऱ्या ट्रॅकमध्ये पहिल्या मिनिटाच्या आतच मला चौदा निरनिराळे नाद मोजता आले, आणि त्या चौदांपैकी एकही पुढच्या पाच मिनिटांत जागचा हलत नाही. ज्या काळाचा नाद तुम्हाला हवा आहे, त्या काळी एकट्या माणसाला घरी बसून चौदा थर रचणे फारसे शक्यच नव्हते, आणि तो नाद तसा का घडला याचे उत्तरही तिथेच सापडते.

१९७० साली आलेल्या मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर वाजत असे. १९७८ च्या प्रॉफेट-५ वर पाच वाजत, १९८१ च्या रोलंड ज्युपिटर-८ वर आठ. आठ स्वर दाबून झाले की यंत्राची ताकद संपली. नवव्या पट्टीसाठी वेगळा स्वर शिल्लकच नसे. त्यामुळे वादकाला कोणते स्वर ठेवायचे आणि कोणते सोडायचे हे बोटे ठेवतानाच ठरवावे लागे, आणि त्या काळच्या संगीतात जी मोकळी हवा जाणवते ती या निवडीतून आलेली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे या वाद्यांतले ऑसिलेटर, म्हणजे मूळ स्वर निर्माण करणारे भाग, तापमानाबरोबर किंचित वरखाली सरकत. एकाच स्वरासाठी लावलेले दोन ऑसिलेटर एकमेकांपासून केसभर दूर असले की नादात एक संथ लाट तयार होते; तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा अगदी थोड्या वेगळ्या लागल्या की जे होते तेच. तुम्ही ज्याला ‘जुना, ऊबदार नाद’ म्हणता त्याचा मोठा भाग या लाटेचा आहे, आणि ती तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही दोन ऑसिलेटर तीन-चार सेंटने (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वेगळे लावून मिळते.

आता हालचालीविषयी. रोलंडचे टीबी-३०३ नावाचे छोटे चंदेरी यंत्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आले, ते घरी सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून. खऱ्या बेस गिटारसारखे ते मुळीच वाजेना, त्यात सुरावट भरण्याची पद्धत इतकी किचकट होती की स्वर एकदा आणि लयीतली जागा वेगळी भरावी लागे, आणि सुमारे दहा हजार नग तयार झाल्यावर १९८४ मध्ये उत्पादन बंद झाले. जुन्या मालाच्या दुकानांत ते स्वस्तात मिळू लागले तेव्हा शिकागोतल्या तिघा तरुणांनी ते घेतले आणि फ्यूचर या नावाने १९८७ साली ‘ॲसिड ट्रॅक्स’ प्रसिद्ध केले. अकरा मिनिटांहून लांब असलेल्या त्या रचनेत सुरावट जवळजवळ बदलतच नाही. फिरत राहतो तो नॉब.

तो नॉब नेमके काय करतो, हे हातानेच समजून घ्या. एक साधी करवती लहर (करवतीच्या दातांसारख्या आकाराची ध्वनिलहर) घ्या, तीवर एकच स्वर सोळा मात्रांवर वाजत ठेवा आणि फिल्टरचा कटऑफ, म्हणजे नादाचा वरचा भाग कुठून गाळायचा ते ठरवणारा नॉब, पूर्ण डावीकडे न्या. नाद उशीखाली दाबल्यासारखा येईल, केवळ धप्प धप्प. आता अगदी सावकाश उजवीकडे फिरवायला लागा. स्वर तोच राहतो, पण त्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर वाजणारे वरचे बारीक स्वर, एकामागून एक उघडे पडतात. आधी ‘ऊ’, मग ‘ओ’, मग ‘आ’ असे स्वर कोणी उच्चारत असल्याचा भास होतो. रेझोनन्स (कटऑफच्या जागेवरचा नाद ठळक करणारा नॉब) वाढवला की त्या कडेवरचा उपस्वर शिट्टीसारखा टोकदार होतो आणि एकच स्वर वाजत असताना त्याच्यावर दुसरी सुरावट चालू असल्यासारखे वाटते. हे काम तुम्ही माउसने रेषा ओढून केले आहे, हे ऐकताक्षणी कळते, कारण रेषा सरळ आहे आणि हात कधीच सरळ फिरत नाही. हाताला समेच्या आधी थोडी घाई होते, एखादी जागा आवडली की तो तिथे रेंगाळतो. चार-आठ नॉब असलेला साधा मिडी कंट्रोलर, म्हणजे संगणकातले वाद्य हाताने चालवण्याचे उपकरण, घ्या. जुन्या सिंथेसायझरच्या किमतीपुढे तो फार स्वस्त पडतो.

माझी सूचना अशी आहे. नऊपैकी जो ट्रॅक तुम्हाला सर्वांत जवळचा वाटतो तो उघडा आणि त्यात फक्त चार गोष्टी ठेवा : तालाचे यंत्र, एकस्वरी बेस, जास्तीत जास्त आठ स्वरांचे एक वाद्य आणि एकस्वरी मुख्य सूर. सॉफ्टवेअरमध्ये स्वरांची मर्यादा खरोखरच आठ आणि एक अशी लावून टाका. मग सहा मिनिटे ट्रॅक वाजवत ठेवून बेसचा कटऑफ एका दमात हाताने फिरवा आणि ते ध्वनिमुद्रित करा. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून, मधले तुकडे जोडायचे नाहीत. दहा-बारा वेळा केल्यावर जे हाती येईल ते तुमचेच असेल, कारण तुमच्या मनगटाशिवाय ते दुसऱ्या कोणाकडून येऊ शकत नाही. हे संगीत सगळे यंत्रच करते असा समज आहे, म्हणून एक उदाहरण देतो. १९७७ मध्ये म्युनिकला जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी डॉना समर या गायिकेचे ‘आय फील लव्ह’ केले. त्यातले जवळजवळ सगळे नाद मूग सिंथेसायझरमधून काढलेले आहेत, पण पायाच्या ढोलाचा ठोका मूगमधून हवा तसा भरीव निघेना, म्हणून तो कीथ फोर्सी या ढोलवादकाने पूर्ण गाणेभर पायाने वाजवला.

मुखपृष्ठाविषयी स्पष्ट लिहितो. ताडाची झाडे, गुलाबी सूर्यास्त आणि लाल मोटार हे चित्र आता या प्रकारच्या संगीताचा गणवेश झाले आहे. कॅविन्स्की या फ्रेंच संगीतकाराचा पहिला अल्बम २०१३ साली ‘आउटरन’ या नावाने आला. ते नाव १९८६ च्या एका जपानी व्हिडिओ गेमचे होते, आणि त्या गेममधली मोटार आणखी तिसऱ्याच देशातली. अशी ती उसनवारी तुमच्या घरी पोहोचेपर्यंत कितीतरी उंबरे ओलांडून आली आहे. त्या गेमच्या काळात पुण्यातही सिंथेसायझर वाजत होता. बालगंधर्व रंगमंदिरातल्या ऑर्केस्ट्रांत, लग्नाच्या स्वागतसमारंभांत, गणपतीच्या मांडवात त्या वाद्यांना सरसकट ‘कॅसिओ’ म्हणत, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांनी त्या वयात काय ऐकले, कुठे उभे राहून ऐकले, तेव्हा समोर कोणता रंगीत दिवा होता. जुन्या काळाविषयी अल्बम करायचा तर तो काळ तुमच्या घरातल्या कोणाचा तरी असावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या तबकड्यांतल्या एका मराठी गाण्यातले सात सेकंद घेऊन मी त्यावर ट्रॅक उभा केला आहे. सात सेकंदांपर्यंत परवानगी लागत नाही असे ऐकले आहे, ते बरोबर आहे ना?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : बरोबर नाही. सेकंदांची अशी कोणतीही सूट १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाही. जुन्या गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात, हे आधी ध्यानात घ्या. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो आणि तो बहुधा तबकडी काढणाऱ्या कंपनीकडे असतो. चाल आणि शब्द यांचा हक्क मात्र संगीतकार आणि कवी यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे राहतो. म्हणजे तबकडी ६० वर्षांहून जुनी असली तरी चालीसाठी परवानगी लागू शकते. ती चाल स्वतः वाजवून घेतली तर कंपनीची परवानगी लागणार नाही, पण चालीची लागेलच. पहिल्या अल्बमला हा सव्यापसव्य पेलणार नसेल, तर तबकडीवरचा गाण्याआधीचा सुईचा खरखरता आवाज आपल्याच कपाटातल्या एखाद्या तबकडीच्या कोऱ्या खाचेवरून घ्या आणि चाल स्वतःची करा. जाता जाता आणखी एक सांगतो. कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराचा आणि गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करार करून काढून घेता येत नाही. तुमच्यासमोर कोणी सही करायला कागद ठेवला तर त्यात हे कलम कसे लिहिले आहे ते वाचा, आणि गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हा.

प्रश्न : मी चाळीस वर्षे पेटी शिकवतो. माझी नात महाविद्यालयात आहे, माझ्याकडेच शिकलेली आहे, आणि आता भूप, यमन, ललत या रागांचे स्वर घेऊन सिंथेसायझरवर नाचाच्या ठेक्यातले संगीत करते. त्याचा अल्बम काढणार आहे. तिचे कौतुक वाटते, पण ऐकताना मला स्वस्थता वाटत नाही. स्वर कोरडे लागतात. हा माझ्या वयाचा दोष समजावा की यंत्राचा? आणि असे आधी कोणी केले आहे का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आपले पत्र वाचून फार आनंद झाला, कारण ज्या गोष्टीकडे या क्षेत्रातली तरुण मंडळी क्वचितच लक्ष देतात ती आपल्या कानाने अचूक पकडली आहे. हा वयाचा दोष नाही. सिंथेसायझरमधले बारा स्वर सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेले असतात. समजा, षड्ज सेकंदाला २४० आंदोलनांचा आहे. तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो त्याच्याशी जुळणारा शुद्ध गंधार ३०० आंदोलनांचा असतो, तर सिंथेसायझरचा गंधार ३०२.४ च्या जवळ येतो. हे अंतर सुमारे १४ सेंटचे आहे. पियानोवर ऐकताना कोणी ते मनावर घेत नाही, पण भुपात गंधारावर थांबायचे असते, आणि आपला सारा जन्म तो गंधार ऐकण्यात गेला आहे.

हाच आक्षेप आपल्या पेटीवर घेतला गेला होता, हे मी आपल्याला सांगायला नको. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. स्थिर पट्ट्या आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाणे) नसणे ही त्यामागची दोन मोठी कारणे होती. पेटीवाल्यांनी त्याचे उत्तर भांडून कमी आणि हातांनी जास्त दिले. गांधार ट्यूनिंगच्या (स्वाभाविक स्वरांना जुळवलेल्या) पेट्या झाल्या, डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली, आणि वादकांनी भात्याच्या दाबाने व बोटांच्या युक्तीने जे नाही त्याचा भास निर्माण केला. आपल्या नातीच्या वाद्यात तर ही सोय आधीपासूनच आहे. अनेक सॉफ्टवेअर सिंथेसायझरांत प्रत्येक स्वर सेंटांमध्ये वरखाली करता येतो. एखाद्या सकाळी तिच्या शेजारी बसा, षड्ज-पंचमाचा तानपुरा लावा, शुद्ध गंधार १४ सेंट उतरवायला सांगा आणि काय होते ते ऐका. धैवत किती उतरवायचा ते आकड्यांवर सोडू नका. भुपाचा धैवत त्याच स्वरांच्या देसकार रागापासून कसा वेगळा ठेवायचा हे आपला कान ठरवील, आणि तिला ते दुसऱ्या कोणाकडून शिकायला मिळणार नाही.

मींडीचा प्रश्न अधिक अवघड आहे. सिंथेसायझरवर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असते, पण ती घसर यांत्रिक असते. वर उल्लेखलेल्या टीबी-३०३ मध्ये तर षड्जावरून ऋषभावर जायला जितका वेळ लागतो तितकाच पंचमावर जायलाही लागतो, म्हणजे वाटेतल्या श्रुतीवर रेंगाळणे तिथे नाहीच. ललतातील दोन मध्यमांच्या मधली जागा अशा घसरीवर सोपवू नये. कीबोर्डच्या डाव्या बाजूला स्वर वाकवण्याचे एक छोटे चाक असते. त्याची कक्षा दोन स्वरांइतकी ठेवून ते हाताने फिरवायचा तिने रियाज केला, तर त्यात आपल्याला ओळखीचे काही सापडेल.

आधी कोणी केले का, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे आणि ते आपल्या जवळचेच आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ हे तालयंत्र अशी तीन रोलंड वाद्ये घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. एचएमव्हीने त्याची तबकडी काढली, पण ती चालली नाही आणि विसरली गेली. एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची प्रत भारतात सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा जगभरातल्या श्रोत्यांना धक्का बसला, कारण शिकागोच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’च्या पाच वर्षे आधीचे हे काम कानाला जवळजवळ तसेच लागत होते. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली होती असे मानायला काहीच आधार नाही. एकाच यंत्राच्या स्वभावातून दोन ठिकाणी एकच गोष्ट निपजली. २०१५ मध्ये चरणजित सिंग यांचे निधन झाले. त्याआधीच्या काही वर्षांत त्यांना युरोपात हे राग रंगमंचावर वाजवण्याची संधी मिळाली, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते. विजेचे वाद्य आपल्याकडे त्याहूनही जुने आहे : १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी कल्याणजींनी क्लॅव्हिओलाइन या विजेच्या वाद्यावर वाजवली होती.

नातीला एक गोष्ट मात्र माझ्या वतीने सांगा. नृत्यसंगीतात बेसचा स्वर दर चार-आठ मात्रांनी बदलायची सवय असते, आणि बेसने षड्ज सोडला की रागाचा पाया हलतो. मग वर यमनचे स्वर असले तरी यमन उरत नाही. चरणजित सिंग यांच्या तबकडीत खालचा आधार टिकून राहतो आणि राग त्यावर उलगडतो. तिनेही बेस षड्जावर किंवा षड्ज-पंचमावर ठेवावा आणि बदल हवा असेल तर तो नादाच्या रंगात करावा. पायाच्या ढोलालाही सूर असतो, तोही षड्जाला मिळवून घ्यावा. ती काळी एक पट्टीत रचना करत असेल तर ढोलाचा सूर ६९ आंदोलनांच्या आसपास लावणे बरे. त्याच्या खालच्या सप्तकातला ३५ आंदोलनांचा सूर घरातले स्पीकर धडपणे वाजवतच नाहीत.

प्रश्न : मुलगा रोज रात्री पाच-सहा तास हेडफोन लावून त्याच्या अल्बमचे काम करतो. त्याच्या कानांची काळजी वाटते.
– एक आई, कोथरूड

उत्तर : काळजी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की ऐकण्याचा वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. ही मुले आवाज वाढवतात त्याला एक कारण आहे : कमी आवाजात आपल्या कानांना खर्ज मुळातच कमी ऐकू येतो, त्यामुळे बेस दुबळा वाटतो आणि हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. त्याला सांगा की बहुतांश काम बोलण्याइतक्या हळू आवाजात करावे, बेस तपासण्यापुरता दोन-तीन मिनिटे आवाज वाढवावा आणि दर तासाला दहा मिनिटे कान मोकळे ठेवावेत. हळू आवाजात तोललेले मिश्रण मोठ्या आवाजातही बहुधा चांगलेच लागते, हे त्याला पटले तर बाकीचे सांगावे लागणार नाही. काम संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहत असेल, तर मात्र वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे.

प्रश्न : हे संगीत म्हणजे विसर्जन मिरवणुकीतला डीजेच ना?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : नाही. मिरवणुकीत ज्याला आपण डीजे म्हणतो ती स्पीकरची भिंत असते आणि तीवर तयार गाणी वाजतात. इथे एकेक नाद स्वतः घडवून रचना केलेली असते आणि ती हेडफोनवर, एकट्याने, हळू आवाजातही ऐकता येते.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र मिळून काम करतो. आमच्याकडे चौदा ट्रॅक तयार आहेत. पहिल्या अल्बमात सगळे घालावेत का? आणि स्टुडिओत छान वाजणारी किक (पायाच्या ढोलाचा ठोका) मोबाइलवर ऐकूच येत नाही, त्याला काय करावे?
– दोन वाचक, विमाननगर

उत्तर : चौदा घालू नका. जुन्या लांब तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटे मावत, आणि त्यामुळे अल्बमला नाटकासारखे दोन अंक असत. तुम्ही तबकडी काढणार नसलात तरी ही दोन अंकांची चौकट वापरून पाहा : प्रत्येक बाजूला चार, एकूण आठ. कोणते आठ, हे ठरवताना सर्वांत चांगले आठ घेण्यापेक्षा एकमेकांशेजारी उभे राहू शकतील असे आठ घ्या. प्रत्येक ट्रॅकची लय आणि षड्ज एका कागदावर लिहा. लागोपाठ चार ट्रॅक मिनिटाला १२० ठोक्यांचे आणि एकाच षड्जाचे आले, तर तिसऱ्याला श्रोत्याचा कान झोपतो. उरलेले सहा जपून ठेवा.

किकचे कारण साधे आहे. तिचा मूळ सूर ५० ते ६० आंदोलनांचा असतो आणि मोबाइलचा छोटा स्पीकर २००-३०० आंदोलनांच्या खालचे जवळजवळ काहीच वाजवत नाही. किकवर थोडी विकृती (डिस्टॉर्शन) चढवली की तिचे वरचे उपस्वर तयार होतात आणि त्यांवरून कान मूळ सूर ओळखून घेतो. तेवढे केले तरी पुरते. मास्टरिंगमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या शेवटच्या ध्वनिसंस्कारात, आवाज ताणून ताणून वर नेऊ नका. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) आसपास आणून ठेवतात, त्यामुळे ताणलेल्या ट्रॅकचा आवाज खाली येतो आणि ताण तेवढा शिल्लक राहतो.

प्रश्न : माझे वडील तरुणपणी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत. त्यांनी जपानहून मागवलेला रोलंड ज्युनो-१०६ पंचवीस वर्षे माळ्यावर पडून आहे. माझ्या पहिल्या अल्बममध्ये तो वापरावा अशी फार इच्छा आहे. मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट असे लिहिले आहे. दुरुस्तीला कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत तुम्ही तो भिंतीतल्या प्लगला लावला नसेल, अशी आशा करतो. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आहे. मी स्वतः ऑर्केस्ट्रात ध्वनियंत्रणा सांभाळत असताना, कार्यक्रमाला अर्धा तास उरला असता एका सहकाऱ्याचा असाच जपानी कीबोर्ड घाईत सरळ प्लगला लावला गेला होता. काहीच आवाज झाला नाही. फक्त मागच्या जाळीतून जळक्या वार्निशचा वास आला आणि तो कार्यक्रम पेटीवर निभावून न्यावा लागला. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत २३० चे १०० व्होल्ट करून देणारा ट्रान्सफॉर्मर मागा आणि कीबोर्डच्या मागे जितके वॉट लिहिले असतील त्याच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्या.

वाद्य चालू झाल्यावर सहा निरनिराळ्या पट्ट्या एकामागून एक दाबा आणि पुढे तसेच चालू ठेवा. या वाद्याला सहाच स्वर आहेत आणि प्रत्येक स्वरासाठी आत एक वेगळी काळी चिप आहे. दर सहावा स्वर मुका राहिला किंवा फाटका वाजला, तर ती चिप बिघडली आहे असे समजा. १९८४ च्या या वाद्याचे हे सुप्रसिद्ध दुखणे आहे. चिपवरचे काळे आवरण ॲसिटोनमध्ये विरघळवून ती पुन्हा चालू करणारे लोक आहेत आणि नव्याने बनवलेल्या चिपाही मिळतात, पण हे काम घरी करू नका. पट्ट्या खालपासून वरपर्यंत नीट वाजत असतील आणि मधल्याच एक-दोन अडत असतील, तर दोष रबराच्या संपर्कपट्टीवर बसलेल्या धुळीचा असतो आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने तो जातो.

दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती वाद्य देण्याआधी मात्र एक काम कराच. आतल्या पाटीवर एक छोटी बॅटरी असते, तिच्यावर वाद्याची १२८ नादांची स्मृती टिकून असते, आणि दुरुस्त करणारा ती जुनी बॅटरी पहिल्यांदा काढून टाकतो. ती अजून जिवंत असेल, तर तुमच्या वडिलांनी ऑर्केस्ट्राच्या दिवसांत स्वतः घडवून ठेवलेले नाद त्यात तसेच्या तसे असतील. मिडीच्या तारेने वाद्य संगणकाला जोडून ती सगळी स्मृती आधी उतरवून घ्या. मग वडिलांना शेजारी बसवा, एकेक नाद वाजवा, आणि तो कोणत्या गाण्याला वापरत असत ते त्यांना विचारून क्रमांकापुढे लिहून ठेवा.